काठी न रोवलेलं शेत

माझा धाकटा दीर जिलाली वीस वर्षं पाठीवर पंप घेऊन लोकांच्या साखरबीटावर औषध मारत होता. आमच्या तादल्याच्या मैदानी मुलखात त्याच्यासारखा हात बसलेला माणूस नव्हता. दीर म्हणून कौतुक करत नाही. दीर म्हणून सांगायचं तर जेवताना त्याच्या शेजारी बसवत नसे, इतका अंगाला औषधाचा वास. हातमोजे जन्मात घातले नाहीत. मी दटावलं की म्हणायचा, "वहिनी, किडे मेले तरी मी मरत नाही, बघ!" आणि मग ढास लागून खोकत बसायचा.

पण कीड त्याला कळायची. बीटाचं पान उलटं करून सांगायचा, ही अळी चार दिवसांत पानाची चाळण करणार, हे ठिपके ओलीचे आहेत, आज मारून उपयोग नाही. खरा राग त्याचा सोंड्यावर. हा किडा देठात अंडी घालतो, नि अळी आतून पोखरत थेट गड्ड्यापर्यंत उतरते. "वरून हिरवंगार, आतून पोकळ. आपल्या हाजसारखं," असं जिलाली म्हणायचा. हाज बूशऐब म्हणजे ज्याच्या शेतात आम्ही सगळे राबायचो तो.

आमच्याकडे निंदणीची एक रीत आहे. जी बाई जे तण उपटेल ते तिचं. रानमोहरी गाईला, आणि बक्कूला नावाची रानभाजी चुलीवर. बीटाच्या सरीत थंडीच्या पावसावर ही रुंद पानांची बक्कूला नुसती माजते. वाफवायची, तेल, जैतून आणि लिंबाचं लोणचं घालून परतायची, की भाकरी कधी संपली कळत नाही. अर्ध्या बायका मजुरीपेक्षा त्या भाऱ्यासाठीच येतात. म्हणून जिलाली फवारलेल्या शेताच्या कोपऱ्यावर वेळूची काठी रोवायचा, वर तांबडं फडकं. काठी दिसली की दहा दिवस तिथे कुणी पाय ठेवत नसे. आम्हाला अक्षर वाचता येत नाही, पण ती काठी वाचता यायची.

त्या वर्षी सोंड्या फेब्रुवारीतच आला. तणही गुडघ्याला लागलं होतं, आणि दोन दिवसांवर हाजची कालव्याच्या पाण्याची पाळी. एकदा पाणी सुटलं की आठ दिवस शेतात पाऊल घालायची सोय नाही. त्याला दोन्ही कामं एकाच दिवशी हवी होती, पहाटे फवारणी आणि उन्हं वर आली की निंदणी.

"आणि काठी?" जिलालीने विचारलं.

"काठी बघून एक तरी बाई येईल का रे? औषध मार आणि मुकाट्याने घरी जा."

जिलालीने वाद घालून बघितला, मग औषध मारलं आणि काठी तशीच घेऊन तो परत आला.

बायकांची टोळी जमवणं माझ्याकडे असायचं. त्या सकाळी कालव्याच्या पुलावर त्याने मला एकटीला गाठलं.

"वहिनी, आजचा भारा घरी आणू नकोस. बायकांनाही सांग."

"मग त्या निंदतील कशाला? माघारी फिरतील. हाज पुढच्या वर्षी मला दारात तरी उभी करील का?"

तो खाली बघत म्हणाला, "तुझं तू बघ."

शेतात शिरलो तशी हद्दा थबकली. हद्दा माझी शेजारीण, पंचावन्न वर्षांची, हाताला चटपटीत आणि जिभेला त्याहून.

"ईझ्झा, वास येतोय गं," माझ्याकडे वळून ती म्हणाली.

"काठी कुठे आहे?" मी म्हटलं.

तिने चारही कोपरे पाहिले. "मग पलीकडच्या रानातला असेल," तिनेच उत्तर शोधलं आणि वाकली. दुपारी भारे बांधताना मला राहवलं नाही. "चांगली धुऊन घे हो," म्हटलं.

"अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून बक्कूला शिजवतेय मी! आता तू मला शिकव!"

बायका हसल्या. मीही हसले. घरी जाताना सगळ्या पुढे गेल्यावर माझा भारा मी कालव्यात लोटला.

हद्दाची लेक महजूबा बाजाराला गेली होती, म्हणून हद्दा एकटीच जेवली. दुपार कलली, असरच्या नमाजापर्यंत तिच्या तोंडाला फेस आला, छाती घरघरायला लागली. बाकीच्या बायकांच्या भाज्या अजून चुलीवर चढायच्या होत्या. जिलाली आणि आम्ही बायकांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर जागेवर नव्हता. नर्सने विचारलं, "भाजीवर औषध होतं का?"

सगळ्यांनी जिलालीकडे पाहिलं.

"काठी नव्हती," तो म्हणाला.

नर्सने पोट बिघडल्याचं धरून सलाईन लावलं. तासभर जिलाली भिंतीला टेकून उभा होता. मग आत गेला आणि म्हणाला, "मीच मारलंय. आज पहाटे." धावाधाव झाली, सुई दिली. दिवस मावळायच्या आत हद्दा गेली.

हाजने कुराणावर हात ठेवून सांगितलं, मी असं काही बोललोच नाही. जिलाली आठ महिने तुरुंगात होता. "आणखी कुणाला माहीत होतं?" असं पोलिसांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो म्हणाला, कुणालाच नाही. या गोष्टीचा मला त्याच्यावर राग येतो. त्याने बोलायला हवं होतं. तो बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं.

आता त्याला कुणी कामाला बोलावत नाही. तो रस्त्याने दिसला की बायका नाकावर पदर घेतात. महजूबा माझ्या टोळीत येते, आईच्या जागी, माझ्याच शेजारच्या सरीत. दुपारी बांधावर बसून ती भाकरी मोडते आणि मोठा तुकडा मला देते.

"ईझ्झामावशी," काल ती म्हणाली, "एका माणसाने जरी आईला सांगितलं असतं ना!"

"खरं आहे गं पोरी," मी म्हटलं, आणि भाकरी खाल्ली.