पाच पाट्यांचा निवाडा

आमच्या घरात ट्रकमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, असं सर्वांचं मत आहे. कारण मी फौजेत होतो. फौजेत मी भांडारात बसून ब्लँकेटं मोजायचो आणि ट्रकशी माझा संबंध मागच्या फळीवर बसून हाडं खिळखिळी करून घेण्यापुरताच होता, हे मी घरात कधी बोललो नाही. (कुणी विचारलंच नाही, मग आपण होऊन कशाला सांगा?)

तर झालं असं, की आमच्या थोरल्या दादाचा ट्रक ऊस भरून फडातून बाहेर पडताना मागून बसला. मागच्या चाकांवर सगळं वजन झेलणाऱ्या ज्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना आमच्याकडं पाटे म्हणतात. ते तुटले. ट्रक आष्ट्याला बाबू मिस्त्रीच्या गॅरेजात आठवडाभर पडून राहिला आणि मग मोबाईलवर बिलाचा फोटो आला. तो बघून दादाच मटकन खाली बसला!

"पाच पाटं? वर बुश, बोल्ट, मजुरी... आरं, एवढ्यात निम्मा ट्रक यील की!"

"लुटतोय त्यो बाबू!" शेजारून आमचे चुलते नाना गरजले. नानांचा ट्रक नव्हता, पण संताप स्वतःचा होता.

पंचाईत अशी, की दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक फडात उभा नसला तर ऊसतोडीची टोळी दुसऱ्याच्या गाडीला लागणार होती. आणि बाबू पैसे मिळाल्याशिवाय चावी द्यायला तयार नव्हता.

"आवं, मग भावजींस्नी दावा की बिल," वहिनी म्हणाल्या. "ते फौजेत व्हते."

मी चष्मा लावला. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी मी म्हणालो, "पाच कसे तुटतील? तीनच तुटले असणार."

तीनच का? कुठल्याही बिलातले दोन आकडे कमी केले की माणूस जाणकार दिसतो, एवढंच त्यामागचं शास्त्र! पण दादाच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

गॅरेजात पोचताच दादानं मला पुढं केलं. "बाबू, ह्यो आमचा आप्पा. फौजेतला हाय. त्यो म्हणतोय, तीनच पाटं तुटल्यात."

"व्हय का सायेब?" बाबूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग जरा खाली घुसून बगा की."

आता माघार कशी घेणार? मी ट्रकखाली शिरलो. पान्हा घेऊन दिसेल त्याच्यावर ठोकून बघितलं. काहीच कळलं नाही. फक्त टकलावर ग्रीसचा टिळा लागला. बाहेर येऊन मी निकाल दिला, "दोन जुन्यांना नुसता रंग फासलाय!"

बाबू भडकला. "रंग? मग जुनं पाटं मोजा की! पाचीच्या पाची दादांच्या पिकअपमधी घालून दिल्यात म्या!"

"दिलं व्हतं खरं," दादा मान खाजवत म्हणाला. "पर मोजलं न्हाईत रं."

सगळं गॅरेज बघत होतं. माझ्या अंगात फौज संचारली. "चला घरी! पाच तुटके पाटे निघाले तर सगळं बिल मी भरतो!"

बाबूनं हातातलं काम टाकून मोटरसायकलला किक मारली.

घरी येऊन बघतो, तर जुने पाटे टाकलेला गोठ्याजवळचा कोपरा रिकामा!

"ती लोखंडं व्हय?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "लोहाराकडनं ईळी करून घेतली म्या. ट्रकच्या पाट्यासारखी धार कशाला येत न्हाई."

"सगळ्यांची ईळी?"

"आता बया! एकाची. एकाचा ह्यांनी कोयता केला."

दादा एकदम आभाळाकडं बघायला लागला. बाबूनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "ईळी एक, कोयता दोन..."

तेवढ्यात नाना हळूच घरात सटकायला लागले. बाबूनं हटकलं तेव्हा आतून एक कुऱ्हाड आणि एक खुरपं बाहेर आलं. "पडून व्हतं म्हणून न्हेलं," नाना पुटपुटले. ज्या बिलाच्या नावानं आख्खी भावकी बोंबलत होती, त्याचा पुरावा घरोघरी भाजी चिरत होता!

"चार!" मी ओरडलो. "चारच! पाचवा कुठाय? बाबू, सापडलास!"

खरं सांगतो, मला इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. बाबूचा चेहरा उतरला. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण आमच्या घरातून बायको धावत बाहेर आली. तिच्या हातात कोयता होता.

"आवं, काय वरडताय खुळ्यावानी! पाचवा आपल्याकडं हाय की, त्येचाच म्या ह्यो कोयता करून घेतला. सकाळी ह्यानंच नारळ फोडलासा न्हवं? 'आसलं पोलाद फकस्त फौजेत मिळतंय' म्हणत व्हतासा!"

मग सगळ्यात आधी कोण हसलं असेल? दादा! सख्खा भाऊ!

मी आत जाऊन पैसे काढून आणले. बाबूनं ते मोजून खिशात घातले, चावी दादाच्या हातात दिली आणि मला सलाम ठोकला. "सायेब, फुडच्या टायमाला बी तुमीच या बिल तपासाय. ह्या घरात मला पयल्यांदाच रोख मिळालं."

सकाळी ट्रक वेळेवर फडात उभा राहिला. टोळी टिकली, दादा खूश झाला. मलाही बरं वाटलं. नाही असं नाही. भावकीत सगळ्यांची हत्यारं नुसत्या घडणावळीत झाली. मला मात्र एक कोयता ट्रकच्या आख्ख्या दुरुस्तीच्या भावात पडला. संध्याकाळी लोहारानं त्याच्या मजुरीचं बिल पाठवलं. ते मी न वाचताच भरलं.