सरंजाम्यांचं एक वाक्य

आमच्या दिल्लीच्या मराठी नाटकमंडळीत चार डोकी जमली की चहा गाळून होईपर्यंत सरंजाम्यांचा किस्सा निघतोच. मी सांगायला घेतला की समीर त्यात भर घालतो. परवा तर खुद्द सरंजामेच म्हणाले, "अरे, हा मला माहीत नव्हता!" तेव्हा आणखी भेसळ व्हायच्या आत खरे तेवढे लिहून ठेवते.

सरंजामे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. राहायला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी नोएडाला जाऊन सिनेमा-सीरियलमधले नट! मी मंडळाच्या नाटकांत त्यांच्या आईची कामं करते. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत, पण त्यावरून मी आता भांडत नाही.

* * *

सुरुवात गणपतीतल्या नाटकापासून झाली. एक कास्टिंगवाला प्रेक्षकांत येऊन बसला होता. मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी पठ्ठ्याने दोन्ही अंक पाहिले आणि मग विंगेत आला. आम्ही सगळ्यांनी पोटं आत ओढली. तो सरळ सरंजाम्यांपाशी गेला.

"सर, आपका चेहरा एकदम सरकारी है!"

सरंजाम्यांचे डोळे भरून आले. आम्हाला म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कुणी बोललं नव्हतं हो!"

* * *

पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. सरकारी नोकर असल्यामुळे ऑफिसची परवानगी हवी. सरंजाम्यांनी रीतसर अर्ज केला. भूमिकेचे स्वरूप : मृतदेह.

फाइल वर गेली आणि प्रश्न घेऊन खाली आली, 'संवाद आहेत काय?' उत्तर गेलं, 'नाहीत.' फाइल पुन्हा खाली. 'सदर अवस्थेत किती काळ राहणार?' सरंजाम्यांनी लिहिलं, 'लंच ब्रेक वगळून आठ तास.'

शेवटी परवानगी आली. अंडर सेक्रेटरी मॅडमनी सही करता करता बजावलं, "सरंजामे जी, मरिए आराम से, लेकिन सोमवार को टाइम पे आ जाइएगा!"

* * *

मग एका वेब सिरीजमध्ये बढती झाली. रोल मंत्र्याच्या सेक्रेटरीचा. मंत्री झालेला हिरो फाइल पुढे करणार, सरंजाम्यांनी सही करून निघून जायचं. बस!

ॲक्शन म्हटल्यावर हिरोने फाइल पुढे केली. सरंजाम्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. हिरोला वाटलं, काय कसलेला नट आहे! चौथ्या पानाला डायरेक्टर ओरडला, "सर, साइन कीजिए ना!"

"ऐसे कैसे साइन करूँ?" सरंजामे म्हणाले. "इसमें ऊपर किसी की शादी का कार्ड है, नीचे कूलर का बिल है. और पेज नंबर तो किसी ने डाले ही नहीं!"

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी खरोखरच पानांवर नंबर टाकायला सुरुवात केली. चाळीस माणसं खोळंबली! शेवटच्या पानावर सही झाली तेव्हाच शॉट संपला.

ती सिरीज आली त्या दिवशी सुनंदावहिनींनी, म्हणजे सौ. सरंजाम्यांनी, अख्ख्या मंडळाला घरी बोलावलं. पंचवीस जणांचे पोहे केले. पडद्यावर फाइल दिसली, पेन दिसलं, सही करणारा हात दिसला आणि सीन बदलला.

वहिनी म्हणाल्या, "हा हात मी रोज भेंडी निवडताना बघते. त्यासाठी एवढे पोहे?"

* * *

आता समीरची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं पाप त्याचं आहे. समीर शेख लातूरकडचा, मुनिरक्यात खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करतो आणि मंडळात प्रॉम्प्टिंग करतो. सरंजाम्यांना प्रॉम्प्टरशिवाय उभं राहायची सवयच नाही. बँक मॅनेजरचा रोल मिळाला, त्यात पहिल्यांदाच एक वाक्य होतं, तेव्हा ते समीरला गुपचूप सेटवर घेऊन गेले आणि भिंतीपाशी ठेवलेल्या कपाटामागे उभं केलं.

टेक सुरू झाला. सरंजाम्यांनी हिरोकडे रोखून बघत एक जोरदार पॉझ घेतला. समीरला वाटलं, विसरले! कपाटामागून खणखणीत आवाज आला, "लॉकर की चाबी किसके पास है?"

हिरो प्रोफेशनल माणूस. तो कपाटाकडे वळला आणि म्हणाला, "मेरे पास!"

समीरला बाहेर काढून तो सीन पुन्हा घेतला. वहिनींनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं, ह्या वेळी साबुदाणा खिचडी. चेहरा अगदी स्वच्छ दिसला. पण सरंजाम्यांच्या हिंदीला पुण्याचा वास येतो म्हणून आवाज दुसऱ्याचाच घातला होता!

"अगं बाई, तुमच्या तोंडातून हा परका पुरुष कोण बोलतोय?" वहिनी म्हणाल्या. "बंद करा आधी! आता तुमचा स्वतःचा आवाज येईल तेव्हाच लोकांना बोलावीन."

आम्ही हसलो. सरंजामेही हसले, पण मग बराच वेळ ते ताटल्याच गोळा करत राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हौसेने धावतोय हा माणूस, आणि बायकोला ऐकवायला एक वाक्य नाही!

* * *

ते वाक्य अखेर मिळालं. एका सीरियलमध्ये डॉक्टरचा रोल. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "आय ॲम सॉरी, हम उन्हें बचा नहीं सके." आणि आवाज जागेवरच रेकॉर्ड होणार, डबिंग नाही!

सरंजाम्यांनी आठ दिवस घरात तालीम केली. बाथरूममध्ये, गॅलरीत, कुकरची शिटी होईपर्यंत. चौथ्या दिवशी वहिनींनी दार उघडलं तर समोर शेजारच्या चड्ढा आंटी, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात झाकलेलं पातेलं.

"भाभी जी, हौसला रखो. कौन था? मायके से था?"

वहिनींनी खरं काय ते सांगितलं. आंटी पातेलं ठेवूनच गेल्या. राजमा उत्तम होता, मीही खाल्ला.

* * *

शूटिंगहून सरंजामे आले. "झालं का?" विचारलं तर म्हणाले, "झालं म्हणजे, झालं." सीन ठेवतात की कापतात, त्यांनाही माहीत नव्हतं. तरी वहिनींनी शब्द पाळला आणि सगळ्यांना बोलावलं. "आवाज येणार आहे ना? मग झालं तर!"

टीव्हीवर दार उघडलं. सरंजामे बाहेर आले. संपूर्ण चेहरा! रुग्णाच्या बायकोचं काम करणारी नटी धावत आली आणि त्यांचे हात धरून रडायला लागली, "डॉक्टर साहब, बोलिए ना!" आम्हा सगळ्यांना वाक्य पाठ. पंचवीस जणांनी ओठ हलवायला सुरुवात केली, आय ॲम सॉरी...

आणि टीव्हीतून सरंजाम्यांचा अस्सल सदाशिवपेठी आवाज आला, "रोइए मत वहिनी! बच गए! बिल्कुल बच गए!"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "ह्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "आवाज ह्यांचाच आहे!" मग टाळ्या, शिट्ट्या, समीरने तर सरंजाम्यांना उचललंच.

गलका थांबल्यावर मी विचारलं, "अहो सरंजामे, पण तो पेशंट मरणार होता ना?"

"मरणारच होता," सरंजामे म्हणाले. "शूटिंगच्या दिवशी सकाळी चहाला माझ्या शेजारीच बसला होता. पेशंटचं काम करणारा, बिहारचा पोरगा. ह्या रोलच्या भरवशावर बायको-मुलीला गावाहून आणलेलं, परवाच मुलीची शाळेत ॲडमिशन झाली. आणि आज मेला की काम संपलं! सेटवर त्याच्या निरोपाचा केकसुद्धा कापला. मला म्हणाला, 'सर, आराम से बोलिएगा, मेरा लास्ट सीन है.'"

"मग?"

"मग काय! तोंडातून निघून गेलं. डायरेक्टर 'कट' ओरडला. मला वाटलं, आता हाकलतो. लेखक कुठे आहे, लेखकाला बोलवा, असा आरडाओरडा चालू. तेवढ्यात माझ्या मागचं दार उघडलं. तो पोरगा, नाकात नळी, हातात सलाइनची बाटली, अंगावर चादर. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि डायरेक्टरला विचारलं,

"'तो सर, मैं कल भी आऊँ?'"