घराण्यातली थरथर

माझे थोरले बंधू गोविंदभाऊ गेल्याची बातमी वलगावच्या गाडीवानाने आणली, तेव्हा मी अकोल्याच्या कापूसबाजारात हातात रुई धरून उभा होतो. रडू यायच्या आधी माझी नजर माझ्याच बोटांवर गेली. ती स्थिर होती... निदान मला तशी वाटली. आज पाच आठवडे झाले. दिवसातून किती वेळा मी ती पाहतो, सांगता येणार नाही.

आमचे आजोबा चाळिशीनंतर झोकांड्या खात चालत. गाव त्यांना दारुडा म्हणे, पण त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मग वडील. त्यांचे हात आपोआप उडत, जीभ जड झाली, शेवटी स्वभावही ओळखू येईना. कोणी करणी म्हणाले, कोणी शाप. भाऊ तसं काही म्हणाले नाहीत. विलायतेतून मागणी आली आणि सारा वऱ्हाड ज्वारी सोडून कापूस पेरू लागला, तेव्हा भाऊ लांब धाग्याची बोंडं वेगळी वेचून त्यांची सरकी निराळ्या मडक्यांत ठेवत. कोणत्या झाडाचा गुण पुढच्या पेऱ्यात उतरतो, हे ते वर्षानुवर्षं पाहत आले होते. तीच नजर त्यांनी आमच्या घराकडे वळवली. आत्या, काका, चुलत भावंडं... सगळ्यांकडे जाऊन विचारलं. ज्याला ही थरथर झाली नाही, त्याच्या लेकरांत ती पुन्हा दिसली नव्हती. ज्याला झाली, त्याच्या काही लेकरांत उतरली होती. हे त्यांनी मला सांगितलं, तोवर त्यांच्या हातून बैलांचा कासरा सुटू लागला होता.

त्याच हंगामात माझ्या लेकीची सोयरीक तिवशाला ठरली. भाऊंना मूलबाळ नव्हतं, तिच्यावर त्यांचा फार जीव. ते गाडीत हेलकावे खात अकोल्याला आले आणि मुलाकडच्यांना सगळं सांग म्हणाले. मी हातापाया पडलो. मला काही झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, म्हणालो.

भाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मले बी तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण लोकाच्या घरात झाकून काहून द्यायचं? त्यायले पाहू दे, मंग ठरवू दे."

मी सांगितलं नाही. मग ते स्वतः तिवशाला गेले, मुलाच्या बापासमोर बसले आणि आपले उडणारे हात त्यांनी लपवले नाहीत. सोयरीक मोडली. लेकीला कारण आम्ही अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर वर्षभर मी भाऊंकडे वलगावला पाऊल टाकलं नाही. लोकांना वाटलं, रागाने. पण ती भीती होती... भाऊंकडे पाहिलं की तिथे मीच बसलेला दिसे. जेवताना घास अडकून ते गेले, तेव्हा मी जवळ नव्हतो.

शेवटी परवा वलगावला गेलो. ओसरीवर बसून वहिनींना सांगितलं, की मला राग नव्हता, मी भ्यालो होतो. भाऊंना ते माहीत होतं, असं त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांनी आणलेला पितळी पेला अर्धाच भरलेला होता. भाऊंच्या हातून सांडू नये म्हणून त्या त्यांना तसाच देत. भरताना त्यांचा हात सवयीने थांबला असेल. की अंगणातून येताना माझ्या चालण्यात त्यांना काही दिसलं... मी विचारलं नाही. दोन्ही हातांनी पेला धरला आणि पाणी पिऊन टाकलं.