पांढरी सोडलेली जागा

मी जो काही झालो तो सांगलीच्या नकाशेवाल्या काकांमुळे. ओठांनी ब्रशला टोक काढत ते मला बजावायचे, “बघितलं न्हाई, तिथं रंग न्हाई, गड्या.”

नोकरीत कोकणच्या समुद्रतळाचा नकाशा माझ्याकडे आला. त्यावरून मासेमारीला बंदी असलेलं राखीव क्षेत्र ठरणार होतं. रंगवायला तो काकांकडेच आणला. तळाचे नमुने न घेतलेली जागा त्यांनी पांढरी सोडली.

ऑफिसातले साहेब म्हणाले, “तिथे वाळू दाखवा.” वाळू दाखवली की ती जागा राखीव क्षेत्रातून वगळता येणार होती.

मी हे सांगितल्यावर काकांनी ब्रश माझ्या हातात दिला. “तूच दे रं. माझा हात न्हाई चालायचा.”

मी रंग दिला.

दोन वर्षांनी त्यांना लिहिलं: “काका, त्या जागी बुडी मारून पाहणाऱ्यांना प्रवाळ सापडलं, तळ खरवडणाऱ्या ट्रॉलर बोटींच्या जाळ्यांनी मोडलेलं. नकाशावर अजून वाळूच आहे.”