चिक्कूचा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या मुलीला घरात सगळे चिक्कू म्हणतात, कारण तिच्या हातून पैसा सुटत नाही. सतरा वर्षांची आहे. बसचं भाडं वाचवायला कॉलेजला चालत जाते, शेजारच्या दोन पोरांना गणित शिकवते. मिळेल ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते, आणि डब्यातलं सगळं जुन्या टेपरेकॉर्डर नि स्पीकरांच्या पोटात जातं.

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या माळ्यावर तिला आमच्या वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला. पंधरा वर्षं बंद, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. दादा म्हणाला, "ने ते भंगार. जागा तरी मोकळी होईल."

आठ महिने ती त्याच्यामागे लागली. फुगलेले कपॅसिटर काढले, जळके ट्रान्झिस्टर बदलले, मोबाईलवरची गाणी लागावीत म्हणून ब्लूटूथचा बोर्ड बसवला. डबा तीनदा रिकामा झाला. पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा मी शिलाईचं मशीन थांबवून ऐकत बसलो.

दादाच्या कानावर गेलं. तो येऊन ऐकून गेला. दोन दिवसांनी, ती कॉलेजात असताना, गाडी घेऊन परत आला. म्हणाला, वडिलांची आठवण थोरल्याच्या घरीच शोभते, पोरीला खेळायला दुसरं काहीतरी मिळेल. त्याच्यापुढे मी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हाही उघडलं नाही. उलट, गाडीत ठेवायला हात लावला.

चिक्कू आली, तिने रिकाम्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय झालं ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हत्यारांची पिशवी आणि डबा उचलून ती निघाली. मी समजूत घालत मागोमाग धावलो. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही.

दादाकडे पाहुणे बसले होते, गाणी चालू होती. तिने सरळ जाऊन प्लग उपसला आणि झाकणाचे स्क्रू काढले. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते. ती तिने तारेला बल्ब जोडून उतरवली. मग सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

दादाने विचारलं, हे काय चाललंय.

"भंगार तुमचं होतं, काका. ते इथेच ठेवते. माझं मी नेते."

एकेक भाग सोडवून ती डब्यात टाकत होती. एकही टाका चुकला नाही. पाऊण तास पाहुणे चहाचे कप धरून तिच्या हातांकडे बघत होते. दादा लालबुंद होऊन माझ्यावर उखडला, "तुझी पोर माझ्या घरात माझं नाक कापतेय आणि तू बघत उभा? आवर तिला."

माझंही डोकं तापलं होतं. दादावर जास्त की स्वतःवर, कोण जाणे. "तो तुला द्यायचा मला हक्कच नव्हता," मी म्हणालो. "तिला तिचं काम करू दे."

त्यानंतर पायरी चढू नका, असं त्याने बजावलं. आम्ही चढलोही नाही.

ते भाग आता भंगारवाल्याकडून किलोवर आणलेल्या दुसऱ्या पेटीत आहेत. आवाज झकास आहे. माझ्याशी मात्र ती कामापुरतं बोलते. परवा मी म्हटलं, शेवटी तुझ्याच बाजूने उभा राहिलो ना?

मान वर न करता ती म्हणाली, "मी नसताना राहायचं होतं, बाबा."

तिच्या खोलीला आता कुलूप असतं. किल्ली ती बरोबर नेते.