उंबरदऱ्याची तारीख

पाडव्याच्या आधी नारायणगावात हायवेच्या कडेला तमाशाच्या राहुट्या लागल्या की सोमनाथच्या अंगात वारं शिरायचं. एरवी वारूळवाडीच्या घरात गुडघे चोळत बसणारा माणूस. पण लंकाबाईच्या फडाच्या राहुटीत खुर्ची टाकून बसला की त्याला कुठला गुडघा अन् कुठलं काय. जत्रेसाठी तमाशा ठरवायला गावोगावची मंडळी यायची. आलेल्याचा चेहरा बघूनच हा सुरू व्हायचा, "या पावणं, बसा. तुमची पालखी पुनवेला, कुस्त्या दुसऱ्या दिवशी. म्हंजी तमाशा पुनवेलाच पायजे, न्हवं?" पावणे खूश होऊन चहा घ्यायचे आणि सुपारी तिथल्या तिथे पक्की व्हायची.

हे त्याने कुठे पाठ केलेलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत तो ढोलकी घेऊन फडात शिरला होता आणि जुन्नर-आंबेगावातलं एकही गाव त्याने सोडलं नव्हतं. कुठल्या जत्रेला करवंदं पिकलेली असतात, कुठे नदी पायीच ओलांडता येते, कुठे कनात लावताना वारा हमखास छळतो, यावरून त्याला तिथी आठवायच्या. पुढे हाताला कंप सुटला. ढोलकी सोडताना तो लहान पोरासारखा रडला होता. तेव्हा लंकाबाईनेच त्याला राहुटीवर बसवलं. "हात थकलं तर थकू द्या, सोमाभाऊ," ती म्हणाली होती, "डोकं शाबूत हाय ना? आमाला डोकं पायजे."

ते शाबूत राहील ना, याचीच सोमनाथला मनातून धास्ती होती. त्याचा थोरला भाऊ हौशीराम शेवटी शेवटी स्वतःच्या दारात उभा राहून 'हे घर कुणाचं?' असं विचारायचा. त्याची सुरुवातही एका चुकलेल्या वारापासूनच झाली होती. हे सोमनाथ कुणाला बोलला नव्हता, पण रोज सकाळी दात घासताना मनातल्या मनात चार गावांच्या जत्रा म्हणून बघायचा.

त्याची लेक ज्योत्स्ना पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच सॉफ्टवेअर लिहायची. यंदा तिने हौसेने बापाच्या फोनवर एक ॲप करून दिलं. सुपारी ठरली की सोमनाथने गावाचं नाव लिहायचं, तारखेवर बोट ठेवायचं. पाडवा झाल्यावर तिने त्यात आणखी एक सोय केली. बोट ठेवलं की लंकाबाईला मेसेज आपोआप जायचा. त्यानंतर पहिलीच सुपारी आली ती डोंगरातल्या जांभळेवाडीची. सोमनाथने चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून रविवारच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मोठी कामगिरी केल्यासारखा राहुट्यांच्या मधल्या टपरीवर चहा प्यायला गेला.

फड शनिवारीच जांभळेवाडीत जाऊन थडकला. ट्रक घाट चढून वर आला तेव्हा गावात माणसं देवळाला रंग देत होती. शिडीवरचा माणूस ब्रश तसाच धरून बघत राहिला. जत्रा तर उद्या. पण गाव भलं होतं. शाळेच्या पडवीत फडाला जागा दिली, घराघरातून पिठलं-भाकरी गोळा केली, आणि रविवारी खेळ अगदी झोकात झाला. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते सोमनाथचं. सोमवारी सकाळी लंकाबाई राहुटीत आली. ती शिव्या देईल म्हणून तो मान खाली घालून तयार बसला होता. आजवर तिच्या शिव्या त्याने पोटभर खाल्ल्या होत्या आणि त्या पचायच्याही. पण ती नुसती शेजारी बसली.

"मेसेजात शनवारची तारीख व्हती, सोमाभाऊ," ती हळूच म्हणाली. "व्हतं असं कधी. वय झालंय आपलं. आता जरा आराम करा तुमी."

त्यापेक्षा तिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. बोट आपलंच होतं, तारीख आपणच दाबली होती. रविवार म्हणून शनिवार दाबला आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही! त्याला हौशीरामचा चेहरा आठवला, दारात उभा राहिलेला. तो घरी आला, राहुटीतल्या पेटीची किल्ली खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"काय झालं, आण्णा?" ज्योत्स्नाने विचारलं.

"हौशा दादाचं झालं तेच," तो म्हणाला. "फोन घेऊन जा तुझा. मला न्हाई जमायचं."

तिने सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. मग त्याचा फोन उघडून बघितला आणि लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. स्वयंपाक तसाच राहिला. थोड्या वेळाने ती आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आण्णा, उठा. हे बघा. तुमच्या फोनात रविवारच हाय. तुमी बरोबरच दाबलं व्हतं."

"मग लंकाबाई खोटं बोलती का?"

"न्हाई. त्यांना शनिवारच गेला. तुमी दिली नुसती तारीख. पण मी ॲप असं लिहिलं की त्यानं तारखेला वेळ चिकटवली, रात्री बाराची. आपल्या इथल्या बाराची. आन् मेसेज पाठवणारं मशीन चालतं ग्रीनिचच्या घड्याळावर. आपल्याकडं बारा वाजून रविवार लागतो ना, तवा तिकडं अजून शनिवारची संध्याकाळच असती. त्यानं तिथली तारीख वाचली आन् पाठवून दिली."

सोमनाथ उठून बसला. "म्हंजी चूक मशीनची?"

"मशीनची कशाला? माझी. कंपनीत ह्याच चुकीवरून मी दुसऱ्यांना बोलते, आन् घरच्या कामात तीच केली." तिने फोन खाली ठेवला. "तुमी असं भिंतीकडं तोंड करून पडला, ते माझ्यामुळं."

तो उठला. मोरीत जाऊन त्याने तोंडावर भरपूर पाणी मारलं. पंच्याने तोंड पुसताना त्याचे खांदे हलत होते. बाहेर आला तेव्हा मात्र जुनाच सोमनाथ होता.

"लई शिकलेलं मशीन हाय तुझं," तो म्हणाला. "अगं, तमाशात कुठं बाराला दिवस बदलतो? कोंबडा आरवल्याबिगर आमचा आजचा दिवस सरत न्हाई. आता काय करती?"

"वेळ काढून टाकली. जत्रेला वेळ लागत न्हाई, नुसती तारीख पुरे. तुमी सगळी गावं पुन्हा सांगा, मी नव्यानं टाकते. लंकाबाईंना एकेक मेसेज बरोबर जाऊ दे."

मग दुपारभर बाप सांगत राहिला आणि लेक टाकत राहिली. तो एकेक गाव नुसतं सांगेना. अमक्या गावच्या पाटलीणबाईने लंकाबाईला जरीचं लुगडं नेसवलं होतं, तमक्या गावात वग रंगला असताना गाय रंगमंचावर चढली होती, हे सगळं तारखेबरोबर यायचंच. ज्योत्स्ना कॅलेंडरवर ताडून बघत होती. एकही तिथी चुकली नाही. त्याच ओघात, डोळे मिटूनच, तो म्हणाला, "उंबरदरा. वद्य अष्टमी."

तिने बोलता बोलता लिहिलं, तारखेवर बोट ठेवलं, आणि तिचा हात थबकला. उंबरदरा तिच्या जन्माच्या आधीच धरणाच्या पाण्याखाली गेला होता. सोमनाथने डोळे उघडले. लेकीच्या चेहऱ्यावरची भीती त्याला लख्ख दिसली. सकाळी तीच भीती त्याच्या स्वतःच्या मनात होती.

"घाबरू नको," तो म्हणाला. "पाण्यात गेलाय, ठावं हाय मला. पर त्याची अष्टमी कुठं गेलीय? चार माणसांत पयल्यांदा ढोलकी वाजवली ती तिथंच. लंकाबाईनंबी पयली गवळण तिथंच म्हणली. माणसांनी फेटं उडवलं व्हतं राव. दरसाल अष्टमी आली की मला करमत न्हाई. असू दे ते नाव."

"नाव असू दे, आण्णा. पण मेसेज गेला की."

दोघंही फोनकडे बघत राहिले. आता लंकाबाईची खात्रीच पटणार. सकाळपर्यंत नुसता वार चुकला होता, आता याला बुडालेलं गाव उभं दिसायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. उचलायला त्याचा हात होईना, म्हणून ज्योत्स्नानेच तो त्याच्या कानाला लावला.

पलीकडे लंकाबाई होती.

"तारीख बराबर हाय, सोमाभाऊ," ती म्हणाली. "गाडी कुठवर जाईल?"

"पाण्यापतूर," सोमनाथ म्हणाला.

"मग ढोलकी काढून ठेवा."