ग्रहणात चिरलेली भाजी

माझ्या मुलीला पहिलं फेफरं आलं तेव्हा ती दहा महिन्यांची होती. सासूबाईंनी त्याच दिवशी निकाल लावला. "गरहनमा भाजी चिरी तू. तुन्हंच पाप शे हाई."

चिरली होती खरी. गरोदरपणाचा दुसरा महिना होता, ग्रहण कधी लागलं ते मला ठाऊकही नव्हतं. पण मी मान्य केलं. सात वर्षं मान्य केलं. मुलगी तोंडाला फेस येऊन तडफडायची आणि तिचं डोकं मांडीवर धरून मी तिचीच माफी मागायची. आमच्या कोरीट गावातल्या बायका आपल्या गरोदर सुनांना माझ्याशेजारी बसू देत नसत. मला तेही रास्त वाटायचं. आज त्या बायकांपेक्षा मला स्वतःचाच जास्त राग येतो.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. मुलगी झोक्यावरून पडली, हातपाय ताठ. कुणीतरी तिच्या नाकाशी चप्पल धरली. माझ्या भावानं ती हिसकून फेकली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला आगगाडीनं चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं.

रांगेत डोंगराकडची एक बाई होती. तिच्या मुलालाही हेच. पोटुशी असताना तिनं म्हणे मेलेला साप ओलांडला होता. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं साप ओलांडला, मी भाजी चिरली, आणि आजार एकच?

डॉक्टरांनी ग्रहणाचं विचारलंच नाही. "बाळंतपण किती वेळ चाललं? मूल लगेच रडलं?"

तीन दिवस. मूल निळं पडलं होतं, रडलंच नव्हतं. आणि ते तीन दिवस मी नंदुरबारला न्या म्हणून आक्रोश करत होते. गाडी दारातच होती. तिच्यात कापूस भरलेला होता, तो उतरवायला कुणी तयार नव्हतं.

"मेंदूला तेव्हाच इजा झाली असावी," डॉक्टर म्हणाले. "यात तुमचा दोष नाही."

घरी येताच मी सासूबाईंना विचारलं, "तीन दिन मी गाडी मांगी. कापूस का बरं नही उतारा?"

त्या भाकरी थापत राहिल्या. नवरा म्हणाला, "जुनं काय उकरी ऱ्हायनी?"

गोळ्यांनी फेफरं कमी झालं, थांबलं नाही. गोळ्या संपल्या की मी कुणाला न विचारता मुलीला घेऊन निघायची. नवऱ्यानं एकदा वाट अडवली. मी अशी ओरडले की अख्खी गल्ली बाहेर आली. मला जराही लाज वाटली नाही.